अपारंपरिक ऊर्जा : पर्याय की पूरक?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो होतो. रब्बीच्या ज्वारीला पाणी देण्याचे दिवस होते आणि त्या आठवड्यात आमच्या भागाला शेतीची वीज रात्रपाळीची होती. रात्री साडेअकरा वाजता तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, हातात बॅटरी आणि काठी घेऊन रानाकडे निघाले. दोन वर्षांपूर्वी याच रानात, अशाच रात्री दारे धरताना त्यांना फुरसे चावले होते. दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून वाचले, पण उजव्या पायाची सूज अद्याप अधूनमधून येते. म्हणून त्या रात्री मीही त्यांच्याबरोबर गेलो. मोटार सुरू झाली, पाटाला पाणी आले. बांधावर बसल्या बसल्या तात्या सहज म्हणाले, "दिसभर ऊन रानात पडून असतंय, आन् आमची लाईट मातूर रातची. ह्याचा हिशेब शिकवत्यात का रं तुमच्या कॉलेजात?"

मला उत्तर देता आले नाही. मी कला शाखेचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. हा विषय विज्ञान शाखेचा आहे, असे म्हणून मला सुटका करून घेता आली असती. परंतु त्याच सुटीत गावात आणखी एक विषय निघाला. गावच्या गायरानातील दहा एकर जमीन सौर वीज प्रकल्पासाठी द्यावी की नाही, हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरायचे होते. तात्यांचे मत द्यावी असे, तर त्यांचेच जुने मित्र, ज्यांची मेंढरे त्या गायरानावर चरतात, त्यांचे मत देऊ नये असे. मी अठरा वर्षे पूर्ण केलेला, म्हणजे ग्रामसभेचा सभासद. हात वर करण्यापूर्वी काही तरी वाचले पाहिजे, या जाणिवेतून जे वाचले आणि समजले ते येथे मांडीत आहे.

दोन शब्दांचा घोटाळा

विजेवरील चर्चेत दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. एक 'मेगावॅट' आणि दुसरा 'युनिट'. मेगावॅट हे शक्तीचे माप, युनिट हे प्रत्यक्ष केलेल्या कामाचे. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. ती एक तास चालली म्हणजे जवळजवळ चार युनिटे खर्च झाली. एखाद्या बैलाची ताकद किती आणि त्याने दिवसभरात किती नांगरट केली, यांत जो फरक, तोच या दोन शब्दांत आहे.

हा फरक ध्यानात ठेवला नाही तर आकडे फसवतात. २०२५ साली भारताच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याव्यतिरिक्त इतर साधनांची झाली. ही बातमी खरी आहे आणि अभिमानास्पदही आहे. परंतु प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांचा हिशेब केला तर सुमारे सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजून कोळशाचीच आहे. कारण कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालू शकते, सूर्य तसे करीत नाही. क्षमता आणि निर्मिती यांतील ही दरी म्हणजेच या लेखाचा खरा विषय होय.

कोळसा : साठवलेले ऊन

कोळसा म्हणजे तरी काय? सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी शोषलेले ऊन. ती झाडे दलदलीत गाडली गेली, वरच्या थरांच्या भाराने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. आपल्या वर्धा खोऱ्यातील चंद्रपूर परिसराचा कोळसा याच काळातील. जे साठायला कोट्यवधी वर्षे लागली ते आपण दोन-तीन शतकांत संपवायला निघालो आहोत. आजोबांनी जपून ठेवलेली पुंजी नातवाने एका दिवाळीत उडवावी, तसे हे आहे.

चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र आज २,९२० मेगावॅटचे आहे. त्याच्यावाचून महाराष्ट्राचे चालत नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार, बहुधा तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे दहा वाघिणी कोळसा जाळला की तीन-चार वाघिणी राख हाती उरते. तिचा काही भाग सिमेंटमध्ये व विटांत जातो, उरलेली तळ्यांत साठते व वाऱ्याबरोबर उडते. कोळशापासून एक युनिट वीज केली की अदमासे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. पृथ्वीभोवतीची ही गोधडी जाड होत चालली आहे आणि तिच्याखाली आपण सारे आहोत.

आणखी एक गोष्ट शहरात फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. कोळशाच्या केंद्राला पाणीही लागते आणि ते भरपूर लागते. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. दुष्काळी मुलखाला पाणी उपसण्यासाठी वीज हवी आणि ती वीज करण्यासाठी पाणी हवे, असा हा पेच आहे.

अणू : मोठे आश्वासन

कोळशाला पर्याय म्हणून आपल्या देशाने फार लवकर अणूकडे पाहिले. डॉ. होमी भाभा यांनी युरेनियमपासून थोरियमपर्यंत जाणारी तीन टप्प्यांची योजना आखली, कारण भारतात युरेनियम थोडे आणि थोरियम विपुल. देशातील पहिले अणुवीज केंद्र आपल्याच तारापूरला १९६९ साली सुरू झाले. पुढे २००५ व २००६ साली तेथे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या भारतीय तंत्राने उभारल्या गेल्या.

अणुवीजेची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तिला धूर नाही, राख नाही. ती रात्री चालते, पावसाळ्यात चालते. जागा थोडी लागते. हवेत जाणाऱ्या कार्बनच्या दृष्टीने ती पवनऊर्जेच्या पंक्तीला बसते. 'अणू' म्हटले की केवळ बॉम्ब आठवणे हे विचाराचे नव्हे, भयाचे लक्षण आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड (१९७९), त्यावेळच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल (१९८६) आणि जपानमधील फुकुशिमा (२०११) या तीन अपघातांनी दाखवून दिले की, अपघात क्वचित घडतो, पण घडला तर गावेच्या गावे सोडावी लागतात. जळून उरलेल्या इंधनातील प्लुटोनियम निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी साधारण दोन हजार वर्षांची. म्हणजे त्यांच्या वयाच्या बारा पट काळ हा कचरा राखीत बसायचे. परावलंबनाचाही प्रश्न आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना अमेरिकेचे इंधन लागे; १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यात अडचणी येत गेल्या आणि १९८० च्या दशकात फ्रान्सकडे वळावे लागले.

आणि सर्वांत मोठा प्रश्न वेळेचा. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या नियोजित प्रकल्पाविषयी २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सशी करार झाला. एकूण ९,९०० मेगावॅटच्या सहा भट्ट्या. शेतकऱ्यांनी व मच्छीमारांनी विरोध केला, एप्रिल २०११ मध्ये पोलीस गोळीबारात एकाला प्राण गमवावे लागले. किमतीच्या व जबाबदारीच्या वाटाघाटी लांबत गेल्या. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. त्याच पंधरा वर्षांत देशात सौर वीजक्षमता जवळजवळ शून्यावरून एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. वर सांगितलेला फरक लक्षात घेऊन, सूर्याची एक लाख मेगावॅट म्हणजे अखंड चालणारी फार तर सोळा-सतरा हजार मेगावॅट, असा कडक हिशेब धरला तरी ती देशातील सर्व अणुभट्ट्यांच्या मिळून होणाऱ्या विजेच्या दुप्पट भरते. अणुवीजेचा वाटा आज सुमारे तीन टक्के आहे.

येथे जर्मनीचे उदाहरणही पाहावे. त्या देशाने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, पण कोळसा मात्र त्या दिवशी बंद झाला नव्हता. दोन्ही सोडायचे असतील तर आधी कोणते सोडावे, हा प्रश्न भावनेने सुटत नाही. माझ्या मते चालू आणि सुरक्षित अणुकेंद्रे घाईने बंद करण्यात अर्थ नाही; पण नव्या गुंतवणुकीचा पहिला हक्क तिच्यावर नसावा.

पाणी : आपला जुना अनुभव

सौर व पवन ऊर्जेला आपण 'अपारंपरिक' म्हणतो, ही तशी गंमतच आहे. ऊन, वारा आणि पाणी यांहून जुनी परंपरा कोणती? शिडाची गलबते वाऱ्यावर चालत होती, धान्य उन्हात वाळत होते. कोळशाची वीज हीच खरी नवी.

पाण्याच्या विजेत तर महाराष्ट्र फार पूर्वीपासून पुढे आहे. जमशेटजी टाटांचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर फळाला आले आणि १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरील पाणी खाली कोसळू लागले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. पण मुळशीचे धरण बांधताना मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. सत्याग्रह हरला, धरण झाले. कोयनेच्या धरणाने महाराष्ट्राच्या उद्योगांना उभे केले. आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्यासाठी शंभराच्या घरात गावे उठली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे ती गावे उठल्यानंतर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि मोठ्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असतो काय, याचा जगभर अभ्यास सुरू झाला.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, इंधन फुकट आणि अक्षय असले म्हणजे वीज निर्दोष होते असे नाही. कोणाची जमीन गेली आणि कोणाच्या घरात दिवा लागला, हा प्रश्न मुळशीपासून आमच्या गायरानापर्यंत एकच आहे.

सूर्य : हिशेब सोपा आहे

उन्हापासून वीज होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल याने १८३९ सालीच पाहिले होते. प्रकाश धातूंतून इलेक्ट्रॉन कसे मुक्त करतो याचा उलगडा आइन्स्टाइनने १९०५ साली केला. वापरण्याजोगा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्के तो विजेत बदलत असे. आजची चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या वर जातात.

आता आपला हिशेब करू. महाराष्ट्रात एक चौरस मीटर जागेवर वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे पाच युनिटांइतके ऊन पडते. त्याच्या वीस टक्के म्हणजे एक युनिट. धूळ, उष्णता व तारांतील घट वजा जाता थोडे कमी. एक किलोवॅटची पॅनेले रोज साधारण चार युनिटे देतात, म्हणजे तात्यांची मोटार एक तास चालेल एवढी.

पूर्वी हे सारे पुस्तकी वाटे, कारण किंमत. २०१० च्या सुमारास देशातील पहिल्या मोठ्या लिलावांत सौर विजेचा दर युनिटला अकरा-बारा रुपये पडला होता. २०२० च्या डिसेंबरात गुजरातमधील एका लिलावात तो दोन रुपयांच्याही खाली, १ रुपया ९९ पैशांवर आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मोठे शिक्षण आहे. कोळसा हे खनिज आहे. खाण जितकी खोल तितका खर्च अधिक. पॅनेल ही कारखान्यातील वस्तू आहे. जितकी अधिक करावी तितकी ती स्वस्त होते.

वीज न करताही ऊन वापरता येते. शिर्डीच्या साई संस्थानच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांनी उन्हाची वाफ करायची आणि त्या वाफेवर भाविकांचा स्वयंपाक शिजवायचा, अशी ती योजना. वसतिगृहाच्या गच्चीवरील पाणी तापवण्याचा बंबही त्याच कुळातला.

वारा : डेन्मार्कची शाळा आणि वनकुसवड्याचे पठार

वाऱ्याचे गणित निराळे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणून पवनचक्की कोठेही उभी करून चालत नाही, वाऱ्याची जागा शोधावी लागते. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील सड्यांवर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. आपल्याकडे त्या ज्येष्ठ-आषाढात सर्वांत जोराने फिरतात, म्हणजे आभाळ भरून आल्याने सूर्याची वीज घटते नेमकी तेव्हा. निसर्गाने या दोघांची जोडी चांगली जमवली आहे.

या बाबतीत डेन्मार्कचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी तो देश जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर अवलंबून होता. सरकारचा विचार अणुवीजेचा होता. त्यावेळी पश्चिम किनाऱ्यावरील ट्विंड येथील शाळेतील शिक्षक व विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी एक प्रचंड पवनचक्की बांधायला घेतली. तीन वर्षांनी, १९७८ साली, ती फिरू लागली. पर्याय आहे, हे त्यांनी भाषण करून नव्हे तर करून दाखवले. १९८५ साली डेन्मार्कच्या संसदेने अणुवीज योजनेतून वगळली. आज तेथील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची असते. हे एका दिवसात झाले नाही. मधली अनेक वर्षे त्यांनी कोळसा जाळला, आणि वारा पडला की शेजारच्या नॉर्वेच्या धरणांची वीज त्यांच्या मदतीला येते, हेही सांगितले पाहिजे.

त्या देशातील साम्सो नावाचे बेट सुमारे चार हजार वस्तीचे. तेथे जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच चक्क्यांत बेटावरील शेतकरी व रहिवासी स्वतः भागीदार आहेत. आमच्याकडील सड्यावरची चक्की फिरताना पाहून खालच्या वाडीतील माणूस म्हणतो, "त्यांची चक्की फिरतेय." साम्सोचा माणूस म्हणत असेल, "आमची फिरतेय." सहकारी साखर कारखाने उभारणाऱ्या महाराष्ट्राला सहकारी पवनचक्की अवघड का वाटावी?

शेण आणि चिपाडे

गोबर गॅसचा उल्लेख केला की आमच्या वर्गात हशा पिकतो. पण मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठधामात मैल्यापासून गॅस तयार करण्याचा प्रयोग १८९७ साली झाला होता, हे किती जणांना ठाऊक असेल? पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅस खेडोपाडी नेला. चार-पाच जनावरांचे रोजचे पन्नास किलो शेण मिळाले तर दोन घनमीटर गॅस होतो आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. शिवाय मळी खत म्हणून शेतात जाते. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडास जोडलेला गॅस प्रकल्प लोकांच्या गळी उतरवण्यासाठी सारे आयुष्य वेचले. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी शिळे अन्न व पिष्टमय पदार्थ घालून चालणारे छोटे संयंत्र तयार केले. साखर कारखाने उसाच्या चिपाडांवर वीज करतात, राज्यातील ही क्षमता दोन हजार मेगावॅटच्या पुढे आहे. मात्र ती गळिताच्या हंगामापुरती, आणि उसाला पाणी किती लागते हे विसरून तिचे कौतुक करू नये.

रात्रीचे काय?

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. सूर्य मावळतो, वारा पडतो. दवाखान्याचे दिवे तर विझता कामा नयेत. म्हणून साठवण हवी. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, पण आपल्या सह्याद्रीत एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प सुरू झाला. घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली कोकणात दुसरा. वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडायचे. या व्यवहारात शंभरातील वीस-पंचवीस युनिटे खर्ची पडतात, पण उरलेली हव्या त्या वेळी हाती येतात. सह्याद्रीचा कडा म्हणजे अशा रीतीने एक नैसर्गिक बॅटरीच आहे. नवे उदंचन प्रकल्प आखले जात आहेत. तेथेही जंगल कोणाचे आणि गाव कोणाचे, हे विचारावेच लागेल.

आणि काही कामे अशी आहेत की त्यांना साठवणीची गरजच नाही. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. शेताला पाणी रात्रीच दिले पाहिजे असे पिकाचे काही म्हणणे नाही. रात्रपाळी आली ती विजेच्या व्यवस्थेमुळे, दिवसा कारखाने व शहरे यांची मागणी असते म्हणून. राज्यात शेतीपंपांचे ग्राहक चाळीस लाखांहून अधिक आहेत. ऊन असेल तेव्हा मोटार चालवावी, विहिरीचे पाणी शेतात किंवा शेततळ्यात जावे. ते पाणी हीच साठवण. म्हणून सूर्याच्या विजेला सर्वांत योग्य असे काम कोणते असेल तर ते शेतीपंपाचे. राज्याची सौर कृषिवाहिनी योजना २०१७ साली याच विचाराने निघाली आणि २०२३ साली ती पुष्कळ वाढवण्यात आली. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीची वीज दिवसा द्यायची, अशी तिची कल्पना.

याचा धोकाही आहे. ऊन फुकट म्हणून मोटार दिवसभर चालू राहिली तर विहिरी तळ गाठतील. सूर्य अक्षय आहे, भूजल नाही.

समारोप

तर मग पर्याय की पूरक? माझे उत्तर असे की, हा प्रश्न घाऊक विचारू नये, कामागणिक विचारावा. शेतीपंप, पाणी तापवणे, दिवसा चालणारी शाळा-महाविद्यालये आणि कचेऱ्या, यांच्यासाठी सूर्य आजच पर्याय आहे. आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीची हजार चौरस मीटर जागा वापरली तर शंभर किलोवॅट बसतील आणि रोज सुमारे चारशे युनिटे मिळतील; व्याख्याने तर दिवसाच होतात. पोलादाची भट्टी, रात्रीची रेल्वे, पावसाळ्यातील सलग ढगाळ आठवडा, यांच्यासाठी तो आज पूरक आहे आणि साठवण वाढेल तसतसा पर्याय होत जाईल. आणि न वापरलेले युनिट हे सर्वांत स्वच्छ युनिट होय. साठ वॅटच्या जुन्या बल्बचा उजेड आज नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो, ही बचत कोणत्याही धरणावाचून होते.

राहिला आमच्या गायरानाचा प्रश्न. दहा एकरांवर दोन मेगावॅटचा प्रकल्प होतो. भर दुपारी तो पाच अश्वशक्तीच्या पाचशे मोटारी चालवू शकेल, सकाळ-संध्याकाळ त्याहून पुष्कळ कमी. तात्यांची रात्रपाळी त्याने सुटेल. पण मेंढपाळाचे चराऊ रान जाईल, आणि त्याच्याकडे मोटार नाही, विहीरही नाही. एकाच्या पायाखालचा साप काढून दुसऱ्याच्या जनावरांच्या तोंडचा घास काढायचा, हा न्याय मला पटला नाही.

ग्रामसभेत मी बोललो. पहिल्यांदाच बोललो, त्यामुळे पाय थरथरत होते. मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, गायरानाचा खडकाळ, गवत न उगवणारा उत्तरेकडील भाग आधी मोजावा आणि प्रकल्प तेथे बसतो का ते पाहावे. दुसरी, कमी पडेल ती जमीन खासगी पडीक रानातून भाड्याने घ्यावी. तिसरी, पंचायतीला जे उत्पन्न मिळेल त्यातला ठरलेला भाग मेंढपाळांच्या चाऱ्यासाठी आणि पाणवठ्यासाठी ठेवावा, आणि हे ठरावातच लिहावे, नुसते तोंडी नको. थोडी खडाजंगी झाली. शेवटी मोजणी होईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, असे ठरले. तात्या माझ्यावर नाराज झाले. "आणखी एक हंगाम रातचं जावं लागंल," एवढेच म्हणाले, आणि ते खरे आहे. विलंबाचीही किंमत असते आणि ती नेहमी कोणी तरी एकजण मोजत असतो, हे मला त्या दिवशी कळले.

मोजणी मार्च महिन्यात झाली. खडकाळ भाग सहा एकर भरला. उरलेल्या चार एकरांसाठी दोन शेतकऱ्यांशी बोलणे चालू आहे. वार्षिक अंक छापून हाती येईल तेव्हा कदाचित ठराव झालेला असेल. तोवर सुटीत गावी गेल्यावर तात्यांबरोबर रात्री रानात जाणे, एवढे माझ्या हाती आहे. ज्या विद्यार्थी मित्रांच्या गावात असाच विषय निघाला असेल त्यांना माझी विनंती एवढीच की, ग्रामसभेला जा आणि हात वर करण्यापूर्वी मेगावॅटबरोबर माणसेही मोजा.